पठारावरील सरडा

‘सरडा’ हा आपल्या नित्य परिचयाचा मराठी शब्द २०१६ साली प्राणिशास्त्राच्या नामावलीत जाऊन बसला. गळ्याखाली पंखा असणाऱ्या काही सरड्यांच्या प्रजातीला संशोधकांनी ‘सरडा’ हेच नाव दिले. तिच्यातील सर्वांत देखणी जाती म्हणजे ‘सरडा सुपर्बा’. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर ती आढळते.

हे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंच आहे. जांभा दगड, विरळ गवत, भणभणणारा वारा. सावलीला झाड अभावानेच. शेपूट वगळली तर जेमतेम बोटभर लांबीचा हा मातकट प्राणी तेथे किडे टिपत हिंडतो आणि एरवी नजरेसही पडत नाही.

उन्हाळ्यात, विणीच्या हंगामात मात्र नराचे रूप पालटते. एखाद्या उंच दगडावर चढून तो गळ्याखालील पंखा उघडतो. निळा, काळा व नारिंगी असे तीन रंग क्षणभर लखलखतात आणि मिटतात. हे प्रदर्शन मादीसाठी असते, तसेच शेजारच्या नराला इशारा देण्यासाठीही. त्यात धोका आहेच. मादीला दुरून दिसणारा रंग आकाशातील शिकाऱ्यालाही दिसतो. मादीला असा रंगीत पंखा नसतो. मीलनानंतर ती मऊ मातीत खळगा करून अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. पिलांना जन्मापासूनच स्वतःचे पोट स्वतः भरावे लागते.

याच पठारावर अनेक वर्षांपासून पवनचक्क्या फिरत आहेत. त्यांची वीज कोळशाच्या विजेपेक्षा स्वच्छ, यात शंका नाही. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगळीच गोष्ट पुढे आली. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी इतर भागाच्या मानाने सुमारे चौपट कमी होते. त्यामुळे सरडे वाढले. ते निर्धास्तही झाले. माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नसत आणि त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरकही कमी आढळले.

मग सरड्यांचे भलेच झाले म्हणायचे का? तसे नाही. तेथील सरडे अंगाने रोडावलेले होते, आणि नरांच्या पंख्याचे रंगही फिके पडले होते. संख्या वाढली की तेवढ्याच जागेतील किड्यांसाठी स्पर्धा वाढते, आणि भडक रंग धारण करायला शरीर धडधाकट लागते.