लग्नात फोटोवाले किती सांगावे?

लग्न ठरले. सुपारी फुटली. आता घरात याद्या सुरू होतात. किराणा, कापड, मंडप, आचारी, वाजंत्री. पूर्वी यादी इथेच संपायची. आता तिच्यात आणखी एक ओळ असते, ती फोटोवाल्यांची.

ओळ लहान, पण तिच्यापुढचा आकडा लहान नसतो. एक फोटोवाला पुरेल, की दोन सांगावेत, की चार? शूटिंगवाला निराळा. कोणी म्हणतो ड्रोन पाहिजे. कोणी म्हणतो लग्नाआधीचे फोटो काढायला बाहेरगावी जाऊ. आपल्या धाराशिव जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो. त्यातूनच लग्न, त्यातूनच बी-बियाणे, त्यातूनच पोरांची फी. म्हणून हा आकडा हौसेने किंवा शेजाऱ्याकडे पाहून ठरवू नये. हिशेबाने ठरवावा. तो हिशेब कसा करायचा, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

१. पूर्वीचा फोटो आणि आताचा फोटो

फोटो काढण्याची विद्या 1839 साली फ्रान्समधून जगापुढे आली. आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात राजा दीनदयाळ (1844-1905) नावाचे मोठे फोटोग्राफर होऊन गेले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारात नेमले होते. त्या काळी फोटो काचेवर घ्यावा लागे. एका काचेवर एकच फोटो. काच वाया गेली की पैसा वाया गेला.

पुढे रोल आला. एका रोलमध्ये 36 फोटो. लग्नाला दोन-तीन रोल आणले की फोटोवाला जपून बटण दाबायचा. आता रोल गेला. आजचा एक फोटोवाला दिवसभरात हजार फोटो सहज काढतो. आपला अल्बम मात्र 40 पानांचा. एका पानावर पाच फोटो धरले तरी 200 फोटो झाले. म्हणजे एकट्याने काढलेल्या फोटोंतले 800 बाजूलाच राहणार.

यातून काय कळले? फोटो जास्त हवेत म्हणून माणसे जास्त सांगण्याचे कारण आता उरलेले नाही. दुसरा माणूस लागतो तो निराळ्या कारणाने. दोन महत्त्वाच्या गोष्टी एकाच वेळी, दोन ठिकाणी होत असतील, तरच दुसरा माणूस लागतो. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच आहे.

२. एका घरचा हिशेब

समजा, कळंब तालुक्यातल्या एका गावात मुलीचे लग्न आहे. नवरदेव परंडा तालुक्यातला. लग्न मुलीच्या दारात, दुपारी 12 वाजून 35 मिनिटांनी. मुलीचे वडील, आई आणि मामा यादी करत बसले आहेत.

मामा म्हणाला, "दाजी, तीन फोटोवाले सांगून टाका. एक शूटिंगवाला वेगळा. पाव्हणे मोठे आहेत. लोक काय म्हणतील?"

वडील म्हणाले, "तुम्ही म्हणताय ते खरं हाय. पण पैसा कुठून आणायचा?"

मुलीची आई जवळच गहू निवडत होती. ती मामाला म्हणाली, "आरं, नवरी एक, नवरदेव एक. तिघंजण उभे कुठं राहणार? अक्षता पडताना पाव्हण्यांना नवरा-नवरी दिसायची, का ह्यांच्या पाठी दिसायच्या?"

मामा हसला. म्हणाला, "आक्का, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही."

मग त्यांनी पाटी घेतली. दिवसभरात काय काय आहे ते वेळेप्रमाणे लिहिले. तुम्हीही तसेच लिहा.

हळद, आदल्या संध्याकाळी: दोन गावांत एकाच वेळी आहे. पण नवरदेवाची हळद त्याच्या घरची. तिथला फोटोवाला ते लोक सांगतील. आपल्याकडे एक पुरे.

नवरी सजणे आणि नवरदेवाचा परण्या, लग्नादिवशी सकाळी: परण्या मारुतीच्या देवळाकडे निघतो त्याच वेळी नवरी घरात सजत असते. इथे खरोखरच दोन ठिकाणी काम आहे. पण नवरीची तयारी दीड तास आधी धरली, तर फोटोवाला तिचे फोटो काढून देवळाकडे जाऊ शकतो. म्हणजे माणूस वाढवण्याऐवजी वेळ बदलली. वेळ बदलायला पैसा लागत नाही.

अक्षता: एकच ठिकाण. फोटोवाला समोर, शूटिंगवाला बाजूला. दोघे पुरे.

सप्तपदी आणि पंगत: इथे पुन्हा दोन ठिकाणी काम आहे. पण दोन्हींची किंमत सारखी नाही. पंगतीचे दोन-चार फोटो भाच्याने मोबाईलवर काढले तरी चालतात. सप्तपदीला मात्र फोटोवाला हवाच.

पाठवणी: एकच ठिकाण.

बेरीज काय झाली? एक फोटोवाला, एक शूटिंगवाला. तिसऱ्याला काम नाही.

३. स्टेजवरची रांग

काही जण म्हणतात, "स्टेजवर रांग लांबते, म्हणून दोघे हवेत." हेही तपासून पाहू. समजा, 150 कुटुंबे आहेर घेऊन वर येणार. एका फोटोला अर्धा मिनिट लागला, तर 75 मिनिटे झाली. आता दुसरा फोटोवाला उभा केला, तर वेळ कमी होईल का? नाही. कारण जोडपे एकच आहे. दोघेही तोच फोटो काढतील.

वेळ कमी होतो तो माणसे एकत्र उभी केल्याने. आम्ही मुख्याध्यापक असताना दर वर्षी वर्गांचे फोटो निघत. फोटोवाला येण्याआधीच आम्ही मुलांना उंचीप्रमाणे उभे करून ठेवत असू. यादी हातात असे. एक वर्ग उठला की दुसरा बसे. एकच फोटोवाला तासाभरात सगळी शाळा आटोपायचा. लग्नातही तसेच करा. एका गावची भावकी एका फोटोत घ्या. मामाकडचे एका फोटोत, आत्याकडचे एका फोटोत.

यासाठी घरचा एक माहितगार माणूस फोटोवाल्याजवळ द्या. फोटोवाल्याला आपली आजी कोणती आणि शेजारीण कोणती हे कळत नाही. तो नटलेल्या माणसांचे फोटो काढतो आणि कोपऱ्यात बसलेली म्हातारी राहून जाते. दहा वर्षांनी अल्बम उघडला की लोक पहिल्यांदा तिलाच शोधतात. तेव्हा आजी-आजोबा, थकलेले काका, आजारी आत्या यांची नावे कागदावर आधी लिहा. त्यांचे फोटो सकाळीच, ऊन चढायच्या आत काढून घ्या.

४. न चुकवायचा फोटो

हिंदू विवाह कायदा 1955 सालचा आहे. ज्या लग्नात सप्तपदीचा विधी असतो, तिथे सातवे पाऊल पडले की लग्न पूर्ण झाले, असे तो कायदा सांगतो. आपल्याकडे अक्षता पडल्या की लोक पंगतीकडे वळतात. पुष्कळदा फोटोवालाही त्याच वेळी जेवायला बसतो. म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा, "बाबा, सप्तपदी झाल्यावर जेवा." त्याचे ताट मात्र राखून ठेवा. तोही सकाळपासून उभाच असतो.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात भगवान बुद्ध आणि बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमेसमोरचा विधी चुकवू नये. निकाहात कबुली आणि निकाहनाम्यावरच्या सह्या चुकवू नयेत.

नुसता फोटो म्हणजे लग्नाची नोंदणी नव्हे. महाराष्ट्रात लग्नाच्या नोंदणीसाठी 1998 चा कायदा आहे. लग्न झाल्यापासून 90 दिवसांच्या आत नोंदणी करावी. तीन साक्षीदार लागतात. अर्जासोबत लग्नाचा एक फोटो जोडावा लागतो. तो फोटो कोणता द्यायचा ते ठरवून लगेच छापून घ्या. अल्बम तयार व्हायची वाट पाहू नका.

५. दुसरा माणूस खरोखर कधी लागतो?

दुसरा कधीच नको, असे आमचे म्हणणे नाही. निकाहात नवरी एका खोलीत आणि नवरदेव मंडपात असेल, तर दोन ठिकाणी काम आहे. तिथे नवरीकडे बाई फोटोग्राफर मिळाली तर फार चांगले. ही काही आजची नवी गोष्ट नाही. राजा दीनदयाळ यांनी 1892 साली हैदराबादेत बायकांसाठी निराळा स्टुडिओ काढला होता. तिथे फोटो काढायला बाईच नेमलेली होती.

सामुदायिक विवाहात वीस जोडपी असतील, तर एकाला ते झेपणार नाही. तिथे जोडपी वाटून द्यावी लागतात. पण तो खर्चही वीस घरांत वाटला जातो.

आणखी एक शंका रास्त आहे. एकच माणूस सांगितला आणि त्याचा कॅमेरा बिघडला तर? याला उपाय दुसरा माणूस नव्हे, दुसरा कॅमेरा आहे. त्याच्याकडे दोन कॅमेरे, जादा बॅटरी आणि दोन कार्डे आहेत का, ते विचारा. तो आजारी पडला तर कोणाला पाठवणार, तेही विचारा. नुसते निवडक फोटो पाहून माणूस ठरवू नका. एका लग्नाचा अख्खा अल्बम पाहायला मागा. तीन नवख्यांपेक्षा एक जाणता बरा.

मंडपवाल्यालाही एक सांगा. स्टेजच्या वर लाल-पिवळे कापड लावले, की दुपारच्या उन्हात त्याचा रंग तोंडावर उतरतो. सगळे पिवळे दिसतात. वर पांढरे कापड लावले, तर एकाच फोटोवाल्याचे काम दुप्पट चांगले होते.

६. जास्तीच्या माणसाची खरी किंमत

समजा, एका फोटोवाल्याचे 10,000 रुपये. मामाच्या म्हणण्याप्रमाणे दोघे जास्त सांगितले, तर 20,000 जास्त लागतील. हे पैसे सावकाराकडून दरमहा शेकडा 3 रुपये व्याजाने काढले. महिन्याचे व्याज 600. वर्षाचे व्याज 7,200. वर्षाअखेर देणे झाले 27,200 रुपये. पाऊस गेला, तर पुढच्या वर्षी व्याज पुन्हा उभे. अल्बम कपाटात, आणि बाप सावकाराच्या दारात. त्या अल्बमात बापाचे तोंड हसरे दिसले, तरी काय उपयोग?

संत गाडगेबाबा (1876-1956) गावोगावच्या कीर्तनांत हेच सांगत. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न करू नका. त्यांच्या काळी खर्च पंगतीचा होता. आज त्यात फोटोची भर पडली आहे. लोक काय म्हणतील, ही भीती तेव्हाही होती आणि आजही आहे. पण लोक जेवून आपापल्या गावी जातात. हप्ता फेडायला त्यांतला एकही येत नाही.

७. बोली कागदावर, फोटो दोन घरी

फोटोवाल्याशी ठरलेली बोली कागदावर लिहा. किती वाजता येणार, किती माणसे येणार, अल्बमची पाने किती, पैसे केव्हा किती द्यायचे, अल्बम कोणत्या तारखेला मिळणार. खाली दोघांच्या सह्या. काढलेले सगळे फोटो पेन ड्राइव्हवर मिळतील, हेही लिहा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, आपण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क, वेगळा करार केला नसेल तर, आपलाच असतो. आपल्या मुलीचा फोटो दुकानाच्या पाटीवर किंवा मोबाईलवर जाहिरातीला लावायचा असेल, तर आधी विचारावे, असेही लिहून घ्या.

फोटो मिळाले की त्यांच्या दोन प्रती करा. एक माहेरी, एक सासरी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारीबरोबर आपल्या जिल्ह्यातील सास्तूर आणि उमरगा-लोहारा भागातील गावे पडली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. दगड-मातीच्या ढिगाखाली पेट्या, कागदपत्रे, फोटो सगळे गाडले गेले. अशा वेळी दुसऱ्या गावी, लेकीच्या घरी ठेवलेला एक फोटो केवढा मोलाचा ठरतो, हे त्या भागातल्या लोकांना विचारा. फोटोसाठी पैसा घालायचाच असेल, तर तिसऱ्या माणसावर घालण्यापेक्षा दुसऱ्या प्रतीवर घाला.

आता पाटी घ्या आणि करून पाहा:

1. तुमच्या घरी झालेल्या शेवटच्या लग्नातले विधी वेळेप्रमाणे लिहा. एकाच वेळी दोन ठिकाणी होते ते कोणते? त्यांतल्या कोणाची वेळ बदलता आली असती?

2. 90 कुटुंबे स्टेजवर येणार आहेत. एका फोटोला अर्धा मिनिट लागतो. किती वेळ लागेल? तीन-तीन कुटुंबे एकत्र घेतली तर किती?

3. 15,000 रुपये दरमहा शेकडा 2 रुपये व्याजाने घेतले. एका वर्षाचे व्याज किती? त्या पैशात तुमच्या घरी दुसरे काय झाले असते?

4. तुमच्या घरातल्या सर्वांत वडील माणसाचा चांगला फोटो घरात आहे काय? नसेल, तर लग्नाची वाट न पाहता या आठवड्यात काढून घ्या.