फ्रिज ‘टक्’ म्हणाला तर

फ्रिजमधून आवाज कसला येतो, यापेक्षा तो कधी येतो, किती वेळाने परत येतो आणि काय केल्यावर थांबतो, हे जास्त महत्त्वाचं. मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं नीट ऐकून ठेवलं, तर निम्मं निदान घरातच होतं. हे मी ठामपणे सांगते, कारण आमच्याकडे असा आवाज करणाऱ्या फ्रिजमध्ये सासूबाईंचं इन्सुलिन होतं.

तासगावात आमच्या गल्लीत मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. पंखा रेंगाळतो, मध्येच वीज जाते, येते, पुन्हा जाते. अशाच दिवसांत फ्रिजच्या पाठीमागून ‘टक्’ असा आवाज यायला लागला. मग काही सेकंद जड ‘घूंऽऽ’, परत ‘टक्’, आणि शांतता. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आतला दिवा लागत होता, त्यामुळे फ्रिज चालू आहे असंच सगळे धरून चाललो. एका सकाळी दूध नासलं आणि इन्सुलिनच्या कुप्या हाताला कोमट लागल्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. आमच्या कुप्या किती वेळ गरम होत्या हे कुणालाच सांगता येईना, म्हणून डॉक्टरांनी त्या सगळ्या टाकून द्यायला सांगितल्या.

पहिल्यांदा जो माणूस फ्रिज बघायला आला, त्याने दारातूनच निकाल दिला, ‘कॉम्प्रेसर गेला. नवा टाका, नाहीतर फ्रिजच बदला.’ दीर पैसे काढायला निघालेही होते. सासूबाईंनी अडवलं. ‘आधी आपल्या काकांना दाखवा,’ त्या म्हणाल्या. हे काका म्हणजे बाजारपेठेतले जुने मेकॅनिक. ते आले आणि हत्यारांची पिशवी न उघडता फ्रिजमागे नुसते बसून राहिले. मला म्हणाले, ‘वहिनी, घड्याळ बघा. एका टक्पासून दुसऱ्या टक्पर्यंत किती वेळ जातो ते सांगा.’ मग त्यांनी मीटरने बोर्डावरचं व्होल्टेज मोजलं. जिथे २३० हवं तिथे १७० च्याही खाली होतं. प्लग काढून त्यांनी कॉम्प्रेसरच्या कुशीतला छोटा रिले बाहेर काढला आणि माझ्या कानाशी हलवला. आत खुळखुळ वाजत होतं, जळका वासही येत होता. नवा रिले आणि ओव्हरलोड हा सुरक्षेचा भाग बसवल्यावर कॉम्प्रेसर पहिल्या झटक्यात सुरू झाला. खर्च काही शे रुपयांचा.

त्या ‘टक्’मागे काय घडतं, हे त्यांनी समजावलं ते असं. कॉम्प्रेसरला सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट लागतो आणि तो पहिला धक्का रिले देतो. रिले खराब असेल किंवा व्होल्टेज कमी असेल तर मोटर फिरत नाही, जागच्या जागी घुमते आणि तापते. मग ओव्हरलोडमधली धातूची पट्टी तापून वाकते आणि वीज तोडते. ती गार झाली की वीज परत जोडली जाते आणि पुन्हा तीच झटापट. दरवेळी मोटरची वाइंडिंग थोडी थोडी भाजत राहते. असंच चालू दिलं, तर आज रिलेवर भागणारं काम पुढे खरोखरच कॉम्प्रेसरवर जातं. म्हणून हा आवाज ऐकला की आधी प्लग काढा, औषधं दुसरीकडे हलवा आणि मगच फोन लावा.

वीज गेल्यावरही हेच होऊ शकतं. कॉम्प्रेसर बंद पडला तरी नळ्यांमधला गॅसचा दाब एका बाजूला जास्त असतो. तो समान व्हायला ३ ते ५ मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली तर मोटरला त्या दाबाविरुद्ध उठावं लागतं. त्यामुळे वीज गेली की फ्रिजचा स्विच बंद करायचा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावायचा, ही सवय घरातल्या लहान मुलांनासुद्धा लावा. स्टॅबिलायझर घ्याल तर उशिरा चालू करण्याची सोय असलेलाच घ्या. एक मात्र लक्षात ठेवा: कॉम्प्रेसरच्या चक्राच्या सुरुवातीला आणि शेवटी येणारा एकटा ‘टक्’ थर्मोस्टॅटचा असतो. त्यानंतर फ्रिज शांतपणे चालत राहिला, तर काळजीचं कारण नाही.

आवाज कधी येतो आणि काय केल्यावर थांबतो, हीच कसोटी बाकीच्या आवाजांनाही लावा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये फ्रीजरच्या पाठीमागे पंखा असतो. त्याची पाती बर्फाला घासली की ‘खर्र-खर्र’ असा आवाज येतो. बऱ्याच मॉडेलांत दार उघडलं की हा पंखा थांबतो. दार उघडताच आवाजही थांबला, तर बिघाड पंख्याच्या आसपास आहे. फ्रिज बंद करून, दारं उघडी ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्या. पुढच्या काही आठवड्यांत आवाज परत आला, तर डिफ्रॉस्टचा हीटर, सेन्सर किंवा दाराचं रबर तपासून घ्या. आवाज खाली, पाठीमागून येत असेल तर तिथल्या पंख्यात पाल किंवा उंदराने आणलेला कचरा अडकलेला असू शकतो. प्लग काढल्याशिवाय तिथे हात घालू नका. नुसता थरथराट असेल तर पाय जमिनीवर नीट टेकलेत का, पाण्याचा ट्रे निसटलाय का, एखादी नळी पत्र्याला लागतेय का, एवढंच बघा.

कॉम्प्रेसर थांबल्यावरची गुळगुळ, डिफ्रॉस्टच्या वेळची तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी ‘चर्र’, रात्री प्लॅस्टिक आकसल्याची ‘कट्’, हे सगळं निरोगी फ्रिजचं बोलणं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा सूर तर दिवसभर वर-खाली होत राहतो, त्यालाही घाबरू नका.

घाबरायचं ते सुरीला. बर्फ खरवडताना नळीला भोक पडून ‘फुस्स’ झालं, तर तिथेच हात थांबवा. अलीकडच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो. खिडक्या उघडा, शेगडी आणि देवापुढचा दिवा विझवा, जवळचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका, हवा खेळेपर्यंत त्या खोलीत थांबू नका. आणि एरवी कुणी ‘गॅस संपलाय, भरून देतो’ म्हणालं, तर गळती कुठे सापडली ते आधी दाखवायला सांगा. बंद नळ्यांतला गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. गळती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. पाठीमागच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. तोच गॅस, तेवढाच, वजनकाट्यावर मोजून भरून घ्या.