लेकीसाठी ओट्याशी स्टूल

लाकूड आणायला जायच्या आधी पोरीला भिंतीशी उभी कर, बाबा. अनवाणी. हात कोपरात वाकवून पोटाशी धरायला सांग आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घे. तीन वर्षांची पोर साधारण 95 सेंटिमीटर उंच असते, तिचं कोपर 22 इंचांच्या आसपास येतं. मग ओटा मोज. तो 32 इंचांचा असला तर दोन्हींतली वजाबाकी दहा इंच, तीच स्टुलाची उंची. याहून उंच करायचा मोह धरू नको. या वयात पोरं वर्षाला अडीच इंच तरी वाढतात, ओटा आहे तिथेच राहतो. आज तिला बोटभर कमी पडलं तरी सहा महिन्यांत बरोबर येईल.

दहा इंच एकदम चढणं तिच्या पायाला जड जातं, म्हणून पाच इंचांवर मागच्या बाजूला एक पायरी दे. उभी राहायची फळी 14 इंच लांब आणि 10 इंच रुंद, पायरीही तेवढीच लांब, निदान 6 इंच रुंद.

आता मुख्य सांगायचं ते हे. पोर स्टुलाच्या मधोमध कधी उभी राहत नाही. ती डब्याकडे हात लांबवते, एका पायावर येते, अगदी कडेला जाते. म्हणून तिचं पाऊल कुठंही पडलं तरी वजन स्टुलाच्या पायांच्या आतच आलं पाहिजे. वरची फळी बाजूच्या फळ्यांच्या बाहेर काढायची पद्धत आहे, चौरंगाला ती शोभते. पोरीच्या स्टुलाला तसं करू नको. बाहेर आलेल्या कडेवर पाय पडला की स्टूल उलटतं. बाजूच्या दोन्ही फळ्या खाली फाकवून बसव, जमिनीपाशी प्रत्येक बाजूला दीड इंच तरी जास्त. गुण्या लावून काटकोनात केलेलं दिसायला नेटकं असतं, पण फाकलेलं उभं राहतं.

दुसरं, पोरीचं तोंड ओट्याकडे असतं. कणकेचा गोळा दाबताना ती ओट्याला रेटा देते. ओटा हलत नाही, मग स्टूल मागं सरकतं. आणि काम झालं की न बघता मागं पाय टाकते. म्हणून पायरी मागं, पूर्ण लांबीची, आणि तळाला रबर हवंच. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटव आणि वरून बारीक चुका मार. डोकी रबरात पुरती बुडली पाहिजेत, नाहीतर फरशीवर तीच घसरतात. पावसाळ्यात आपल्याकडची फरशी दिवसभर ओलसर असते, तेव्हा कोरडं लाकूड फरशीवर टिकून राहील असं धरू नको.

लाकडाचं बघू. वखारीत जाण्याआधी गावात चौकशी कर. आपल्या कर्जत-खालापुरात कडाव असो, नेरळ असो, चौक असो, जुनी कौलारू घरं उतरवणं चालूच आहे. तिथल्या सागाच्या दाराच्या फळ्या मिळाल्या तर आणखी काही शोधू नको. त्या लाकडानं इतके पावसाळे पाहिलेत की वाकायचं ते वाकून झालंय. फक्त रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोध. आणि दाराला ऑइल पेंट असेल तर सांभाळ. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा 2017 पासून आली. असा रंग कोरडा घासायचा नाही. पोर घरात नसताना, अंगणाच्या कडेला, तोंडाला फडकं बांधून, ओला करून खरवड आणि सगळा चुरा गोळा करून बांधून टाक. हे करायला वेळ नसेल तर रंगवलेली फळी घेऊच नको.

नवं घ्यायचं तर शिवण किंवा फणस. शिवण हलकी, सरळ राहते, फारशी वाकत नाही. फणसाचे पाट कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चाललेत. ऐन मजबूत खरा, पण जड, आणि रंध्याला दाद देत नाही. आंब्याची फळी स्वस्त म्हणून कुणी गळ्यात मारेल; तिला कीड लवकर लागते. कुठल्याही झाडाचं असो, सालीलगतचं पांढरट लाकूड काढून टाक, किडीला तेच आवडतं. परसातला फणस तोडू म्हणशील तर थांब. 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यात आंबा, फणस, साग, ऐन सगळे आहेत, स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. आणि ओलं लाकूड तसंही कामाचं नाही.

आपला पाऊस विसरून सुतारकाम करता येत नाही. कर्जत-खालापुरात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पडतो, जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. तेव्हा फळी रुंदीत फुगते, चैत्र-वैशाखात आक्रसते. लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. जुलैत गच्च बसवलेला सांधा एप्रिलात खुळखुळतो. म्हणून काम दिवाळीनंतर काढ आणि फळ्या आधी महिनाभर घरातच ठेव.

बाजूच्या फळ्यांच्या रेषा उभ्या ठेव, जमिनीकडून वर. मग बाजूची फळी आणि वरची फळी एकाच दिशेनं फुगतात, एकमेकींना फाडत नाहीत. फळीचं टोक पाहून गाभा कुठल्या अंगाला होता ते ओळख आणि गाभ्याकडची बाजू वर ठेव. वाळताना फळी गाभ्याच्या अंगानं फुगीर होते, कडा खाली दबतात. उलटी लावलीस तर कडा वर येतात आणि पोरीच्या अंगठ्याला ठेच लागते.

बाजूच्या फळीत पाव इंच खोल खाच पटाशीनं काढ, वरची फळी त्यात बसव, फेविकॉल लाव, मग बाहेरून स्क्रू. नुसते खिळे दोन पावसाळ्यांत सैल होतात. दोन्ही बाजूंना जोडणारी एक आडवी पट्टी वरच्या फळीखाली जरूर दे, स्टूल डावी-उजवीकडे डुलायचं थांबतं ते तिच्यामुळे. उचलायला वरच्या फळीत खाच करशील ती तुझा पंजा सहज जाईल एवढी मोठी कर. पोरीचं बोट अडकेल अशी अर्धवट फट कुठंही ठेवू नको.

बाजूच्या फळीला खालून मधोमध कमान काप म्हणजे चारच जागी टेकेल. तरी डुललं तर कडाप्प्याच्या सपाट तुकड्यावर ठेवून कुठला पाय लांब आहे ते बघ आणि तेवढाच घास. सगळ्या कडा पॉलिश पेपरनं गोल कर, स्वतःच्या गालावर फिरवून बघ.

वरून चकचकीत पॉलिश नको, ओल्या पायाला ते घसरडं. कच्चं अळशीचं तेल पातळ हातानं लाव, पुसून घे, चारपाच दिवस वाळू दे, पुन्हा एकदा लाव. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नको, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळव किंवा पाण्यात बुडव. काजूच्या टरफलांचं तेल वाळवीवर नामी म्हणून कुणी देईल. वाशांना लावायला ठीक, पण ते कातडी भाजतं, पोरीच्या वस्तूला लावायचं नाही.

झालं की आधी तू चढ. चारही कोपऱ्यांवर एकेक पाय देऊन सगळं वजन टाक. तुझ्याखाली कुरकुरलं नाही तरच पोरीला दे.

स्टूल मोरीच्या अंगाला लाव, शेगडीच्या नाही, आणि तिच्या हाताच्या टप्प्यातून सुरी आणि गरम भांडं लांब कर. पहिलं काम म्हणून भिजवलेले, मोड आलेले वाल सोलायला दे. भात कापल्यावर आपल्या शेतांत वाल होतोच, आणि बिरडं सोलायला सुरी लागत नाही, विस्तव लागत नाही, चिमटीत दाबलं की डाळिंबी सुटते. सूनबाईनं किंवा तू शेजारी असायलाच हवं. काम संपलं की स्टूल उचलून उंच ठेवायचं, ते मोठ्यांनीच. एकदा का पोर स्वतः ओढत नेऊ लागली की ती शेगडीपाशीही नेणार.

सहा-सात वर्षांची झाली की पाच इंचांची पायरीच तिला पुरेल. तेव्हा स्टूल फिरव, पायरी ओट्याकडे कर. तोवर दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला उलटं करून बघायचं, स्क्रू आवळायचे आणि झिजलेलं रबर बदलायचं.