निकालानंतरचे तीस दिवस

घराच्या ताब्याविरुद्धचा आमचा अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणानं फेटाळला, हे वकीलसाहेबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी जळगावच्या दाणाबाजारात होतो. पुढचे बावीस दिवस मी जे केलं ते कुणी करू नये. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या मॅनेजरपुढे हात जोडले, पुढाऱ्याचं पत्र आणलं, कुणाच्या तरी सांगण्यावरून दिवाणी कोर्टात दावाही टाकला. २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३४ नं ते दार बंदच केलंय. दावा टिकला नाही.

निकालाविरुद्ध जायचं ते मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणात, आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत. आणि कर्जदारानं पैसे भरल्याशिवाय अपील विचारात घेत नाहीत. थकबाकीच्या निम्मी रक्कम भरायची. कारणं पटली तर ती २५ टक्क्यांपर्यंत कमी होते, त्याखाली नाही. आमची थकबाकी १६ लाख. बायकोच्या पाटल्या मोडल्या, तरी चार लाख जमले नाहीत. मुदत गेली.

ताब्याची नोटीस दारावर खळीनं चिकटवली होती. कागद पावसात गेला, चौकोनी डाग राहिला. आई रोज सकाळी तो ओल्या फडक्यानं पुसायची.

लिलावाची नोटीस पेपरात आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मेहुणे शेत विकून सगळी रक्कम घेऊन आले. कंपनीनं घेतली नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती नोटीस प्रसिद्ध झाली की कर्ज फेडून घर सोडवायचा हक्क संपतो. २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. एका दिवसानं घर गेलं.

दीड वर्षानं धुळ्याच्या मावसबहिणीवर हीच वेळ आली. म्हटलं, "माई, रडणं मागाहून. आधी निकालाची नक्कल काढ, मिळाल्याची तारीख लिहून ठेव." तिच्या पिशवीत एक चिठोरं निघालं: ६० दिवसांच्या मागणी नोटिशीला तिनं घेतलेल्या हरकतीची पोहोच. अशा हरकतीला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिला ते मिळालंच नव्हतं. वकिलांनी अपिलात पहिला मुद्दा तोच घेतला. दाजींच्या दवाखान्याची बिलं जोडून २५ टक्केच भरण्याची सवलत मागितली, ती मिळाली. पैशांची जुळवाजुळव आम्ही निकालाच्या आधीपासूनच करत होतो.

ताब्याला स्थगिती आहे. तारखेला तिच्यासोबत मुंबईला मीच जातो.