पळसाच्या पाकळ्या कार्डावर टिकवताना

प्रश्न : पळसाच्या पाकळ्या, सागाची पानं लावून शुभेच्छापत्रं करते, पावसाळ्यात बुरशी येते. काय करावं?
– एक वाचक, गडचिरोली

उत्तर : पाकळीत उरलेली ओल हेच बुरशीचं कारण. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. दव सुकल्यावर फुलं वेचावीत. पाकळ्या सुट्या करून वर्तमानपत्रात दाबाव्यात आणि सुरुवातीला कागद रोज बदलावा, हे टाळू नयेच. पाकळी कडक लागली की झाली तयार.

सागाचं कोवळं पान चुरडलं की लाल रंग सोडतं. ते पुरतं वाळल्याशिवाय पांढऱ्या कार्डावर नको.

फेविकॉल अगदी पातळ लावावा, वर रात्रभर जाड पुस्तक ठेवावं.

वरोऱ्याजवळचं आनंदवन जरूर पाहावं. १९४९मध्ये बाबा आमटेंनी स्थापलेल्या महारोगी सेवा समितीच्या या प्रकल्पातली हातानं केलेली शुभेच्छापत्रं फार देखणी असतात.