आधी जनुकाचं नाव, मग इंजेक्शनचं

“डॉक्टर, डोळ्यांचं ते नॅनोचं इंजेक्शन आलंय म्हणे. आम्हाला कधी देता?”

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न इतक्यांनी विचारला की आज त्यावरच लिहायला बसले. विचारणाऱ्याच्या हातात मोबाइल असतो, त्यावर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ, आणि शेजारी भिंतीचा आधार घेत उभं असलेलं त्याचं मूल. त्या मुलाकडे पाहून रागावणं जमत नाही. म्हणून उत्तर सरळ देते. आनुवंशिक अंधत्वावर नॅनोकणांतून जनुक पोहोचवणारं मान्यताप्राप्त औषध आज जगातल्या कुठल्याच देशात नाही. संशोधन जोरात चालू आहे आणि मला स्वतःला त्याच्याकडून मोठी आशा आहे. पण आज, रोख पैसे घेऊन ते द्यायला जो तयार आहे, तो तुम्हाला फसवतो आहे.

दोन वर्षांपूर्वी बारा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. फळ्यावरचं दिसेना म्हणून तिला पहिल्या बाकावर बसवलं, तरी दिसेना. तीनदा चष्मा बदलून झाला होता. एके ठिकाणी तर “डोळे ठणठणीत आहेत, अभ्यास टाळायला नाटक करते” असं सांगून परत पाठवलं होतं. मग आजीनं गाजराचा रस सुरू केला. वडिलांनी मेडिकलमधून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या, त्या रोज एक याप्रमाणे सलग दोन वर्षं चालल्या. शेवटी दोन म्हशी विकून एका मोठ्या शहरात स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं. माझ्यासमोर आली ती जाडजूड फाइल मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तिच्यात बिलं होती, सल्ले होते, आजाराचं नाव कुठेच नव्हतं.

नाव निघालं ते पडद्याच्या स्कॅनमधून आणि एका रक्ततपासणीतून. स्टारगार्ट, एबीसीए४ या जनुकातला दोष. प्रकाश टिपताना डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी ‘अ’ जीवनसत्त्व वापरतात आणि त्यातून काही गाळ उरतो. तो गाळ वेळच्या वेळी बाहेर काढायचं काम या जनुकाकडून तयार होणारं प्रथिन करतं. ते बिघडलं की गाळ साचतो आणि पडद्याचा नेमका मधला भाग मरू लागतो. अशा डोळ्याला ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या देणं म्हणजे तुंबलेल्या गटारात आणखी पाणी सोडणं. हे मी सांगितलं तेव्हा तिचे वडील किती तरी वेळ बोलले नाहीत. त्यांचा दोष नव्हता. “डोळ्याला व्हिटॅमिन ए कितीही चांगलं” ही समजूत आपल्या घराघरांत आहे. कुपोषित मुलाचा रातांधळेपणा खरोखर याच जीवनसत्त्वानं बरा होतो, तिथं हा डोस नजर वाचवतो. म्हणजे एकच गोळी एका मुलाला औषध, दुसऱ्याला अपाय. जेवणातलं गाजर, पपई, पालेभाजी खुशाल खा. गोळ्या मात्र कारण कळल्याशिवाय नकोत, आणि गरोदर बाईनं तर ‘अ’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस मनानं मुळीच घेऊ नयेत, पोटातल्या बाळाला व्यंग होऊ शकतं.

इंजेक्शनचंही अगदी तसंच आहे. डिसेंबर २०१७मध्ये अमेरिकेनं लक्सटर्ना या जनुक-उपचाराला मान्यता दिली. बाजारात आला तेव्हा दोन्ही डोळ्यांची किंमत होती साडेआठ लाख डॉलर. तो फक्त आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषावर चालतो. नुसत्या रेटिनायटिस पिगमेंटोसाला, ज्याला आपण आरपी म्हणतो, ऐंशीहून अधिक जनुकं कारणीभूत असू शकतात. शेजारच्या गावातल्या कुणाला गुण आला असेल, तरी तुमचं जनुक दुसरं असलं तर ते औषध तुमच्या उपयोगाचं नाही.

माझ्या त्या मुलीसाठी अडचण आणखी वेगळी होती, आणि इथंच नॅनोकण येतात. लक्सटर्नात चांगलं जनुक एका निरुपद्रवी विषाणूत भरून पेशीपर्यंत नेतात. त्या विषाणूत साधारण ४,७०० अक्षरांचा मजकूर मावतो. एबीसीए४चा मजकूर सुमारे ६,८०० अक्षरांचा. बसतच नाही. नॅनोकणांना ही मर्यादा नाही, शिवाय विषाणूविरुद्ध शरीर जसं चवताळून उठतं तो धोकाही कमी. आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड विषाणूच्या वाहनातून आली होती, फायझर आणि मॉडर्नाच्या लशी चरबीच्या नॅनोकणांतून. फरक तोच. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या संशोधकांनी २०१२मध्ये दाखवलं की नॅनोकणांतून दिलेलं एबीसीए४ उंदरांच्या पडद्यात आठ महिन्यांपर्यंत काम करत राहिलं. ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या गौरव सहाय यांच्या गटाने २०२३मध्ये चरबीचे नॅनोकण माकडांच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचवले. हे वाचताना मला त्या मुलीचीच आठवण येते. पण उंदीर आणि माकड इथपर्यंतच आपण आहोत. कण पेशीत शिरला तरी बहुतेकदा आतल्या पिशवीत अडकून नष्ट होतो, पोहोचलेलं जनुक वर्षानुवर्षं टिकेल का हे पाहायचं आहे. याला वेळ लागणार.

आणि हे उपचार आले तरी मेलेली पेशी उठून बसणार नाही. जिवंत पेशीलाच जनुक देता येतं. म्हणून “इंजेक्शन आल्यावर बघू” म्हणत तपासणी टाळू नका. संधिप्रकाशात मूल ठेचकाळतं, संध्याकाळच्या खेळात त्याला चेंडू दिसत नाही, उन्हातून घरात आल्यावर खूप वेळ चाचपडतं, चष्म्यानंही अक्षर सुधारत नाही, तान्हं बाळ दिव्याकडे एकटक बघतं, मुठीनं डोळे दाबतं किंवा त्याची बुबुळं सारखी हलतात. यातलं एकही दिसलं तर पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या. आई-वडील नात्यातले असतील, मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल, तर आणखी लवकर. लाजण्यासारखं त्यात काही नाही, पण सांगायला विसरू नका. नागपूरजवळच्या खेड्यांतल्या पाहणीत साडेसातशे माणसांमागे एकाला आरपी आढळला होता. तुम्ही एकटे नाही.

स्टेम सेलबद्दल मात्र मी रागावणारच. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने पोटाच्या चरबीतल्या पेशी डोळ्यांत सोडल्या आणि तीन स्त्रियांची होती ती नजर गेली. २०१७मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. भारतात आयसीएमआरच्या नियमांनुसार असे उपचार मान्य चाचणीबाहेर देता येत नाहीत, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कुणी पॅकेज सांगितलं की उठा आणि बाहेर पडा. घेऊन चुकला असाल आणि डोळा लाल झाला, दुखू लागला, विजा चमकल्यासारखं वाटलं किंवा समोर पडदा उतरल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी या. मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून रात्र काढू नका, त्यांनी काचबिंदू होऊ शकतो.

करण्यासारखं पुष्कळ आहे. आरपीत मोतीबिंदू लवकर होतो, तो काढता येतो. पडद्यावरची सूज औषधांनी उतरते. आरपीसारखे दिसणारे एक-दोन दुर्मिळ आजार तर खाण्यातल्या पथ्यानं रोखता येतात, आणि तेही तपासणीतूनच कळतं. जनुकाचा अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवा. उद्या खरी चाचणी सुरू झाली तर आधी तोच कागद मागतील.

ती मुलगी आता भिंगातून वाचते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र निघालं, परीक्षेत जादा वेळ मिळतो. गोळ्या बंद आहेत. तिच्या सहा वर्षांच्या भावालाही हा दोष असण्याची शक्यता चारात एक आहे. त्याला अजून सगळं स्वच्छ दिसतं. पुढच्या सोमवारी त्याच्या रक्ताचा नमुना घ्यायचा आहे.