स्पॅनिश शब्द घोकू नका, ओळखा!

नवी भाषा शिकायची म्हटली की आपण काय करतो? वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि व्हायव्हाच्या आदल्या रात्रीसारखं घोकत बसायचं. आठवड्यात निम्मे शब्द गायब! स्पॅनिशसाठी मात्र एक सोपी वाट आहे, ती लॅटिनमधून जाते.

आपल्याकडे सप्तचं सात, हस्तचा हात, दुग्धचं दूध झालं. हे बदल मनमानी नाहीत, त्यांना नियम आहेत. लॅटिनची स्पॅनिश होतानाही तसंच घडलं. तीन नियम पाहू.

नियम १ : 'क्त'चा 'च' होतो. ओक्तो (आठ) – ओचो, नोक्तेम (रात्र) – नोचे, लाक्तेम (दूध) – लेचे. जुन्या रोमन कॅलेंडरातला आठवा महिना ऑक्टोबर आणि दुधातलं लॅक्टोज आपल्याला ठाऊक आहेच. म्हणजे निम्मं काम झालं!

नियम २ : शब्दाच्या सुरुवातीचा 'फ' बऱ्याचदा गळतो. लिहिताना तिथे 'एच' येतो, पण तो मुका. फारिना (पीठ) – आरिना, फुमुस (धूर) – उमो. लोखंडाचं चिन्ह 'एफ-ई' ज्यावरून आलं, त्या फेर्रुमचं झालं येर्रो.

नियम ३ : जोर पडणाऱ्या ऱ्हस्व 'ओ'चा 'उए' आणि 'ए'चा 'इए' होतो. पोर्ता (दार) – पुएर्ता, पोस्टमॉर्टेममधलं मोर्तेम (मृत्यू) – मुएर्ते, तेर्रा (जमीन) – तिएर्रा. 'क्त'च्या आधीचा 'ओ' मात्र यातून सुटला, म्हणून नोचे, नुएचे नाही.

आता दोन सावधगिरीच्या सूचना. एक, नंतर पुस्तकांतून घेतलेले शब्द बदलत नाहीत. ते आपल्या तत्सम शब्दांसारखे. एकाच 'दिरेक्तुस'पासून देरेचो (सरळ, उजवा) आणि दिरेक्तो (थेट) असे दोन्ही शब्द आहेत. दोन, मूळ एक असलं तरी अर्थ एकच असेल असं नाही. 'एक्सितो' म्हणजे एक्झिट नव्हे, यश! आणि स्पेनमध्ये डॉक्टरला 'कोन्स्तिपादो' सांगितलंत, तर औषध सर्दीचं मिळेल, बद्धकोष्ठाचं नाही. तेव्हा मूळ शोधा, पण अर्थ डिक्शनरीत तपासा.

जाता जाता एक गृहपाठ : लॅटिन 'फाक्तुम' म्हणजे केलेलं. 'फ' गाळा, 'क्त'चा 'च' करा, लेचेसारखा 'आ'चा 'ए' करा, आणि शेवटच्या 'उम'चा येर्रोसारखा 'ओ'. काय आलं? एचो! बरोबर. हा शब्द आता घोकावा लागणार नाही.